जित्या बहिणीचा दहावा

बडनेऱ्याच्या स्टेशनवर तू मला डब्यात बसवलंस, माझं गाठोडं बाकाखाली सारलंस आणि "तांब्या भरून आनतो" म्हणून खाली उतरलास. गाडी हलली तेव्हा तू नळापाशीच उभा होतास, भरलेला तांब्या हातात धरून. धावला असतास तर पोचला असतास, दादा. एवढं अंतर तर आपण लहानपणी हसत पळायचो.

दोघांनी अकोल्याच्या मिशनमध्ये जायचं, दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी व्हायचा, असं ठरलं होतं. मला अक्षरओळखही नव्हती. शेवंतीच्या वाफ्यांना पाणी देता देता येशूच्या गोष्टी तूच वाचून दाखवल्यास. विहिरीवर एकट्या आलेल्या बाईकडे तो पाणी मागतो, तिला हिणवत नाही, हे ऐकून मी, चौदाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलेली, तिथंच चिखलात बसून रडले होते. "तो मेला अन् उठला वं. आजबी जित्ता हाये, आपल्याले नावानं बलावते," असं तू म्हणालास. त्या बोलण्यावर मी घर सोडलं. तू मात्र घरी परत गेलास.

मिशनच्या कंपाउंडात पहिले सहा महिने मी मुकीच होते. टेबलावर जेवायचं म्हटलं की घास उतरायचा नाही. आता मी दवाखान्यात नर्स आहे. ड्रेसिंग करते, मिससाहेबांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडतेसुद्धा. इथलेही सगळे काही देवमाणसं नाहीत. आधीची जात कुठली, हे चर्चच्या पायऱ्यांवर हळूच विचारलं जातंच. पण मी त्यांच्यासाठी आले नव्हते. ज्याच्यासाठी आले, तो सकाळी वॉर्डाचं दार उघडताना माझ्यासोबत असतो. हे मला तुला समजावून सांगावं लागतंय, याचाच संताप येतो.

मागच्या चैत्रात माय आली, कुणाला न सांगता. माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली, पण माझ्या घरचं पाणी घेईना. मग हळूहळू सगळं बोलली. मी गेल्यावर पंचांच्या सांगण्यावरून माझ्या नावानं कणकेची बाहुली करून तुम्ही जाळली. दहाव्याला तूच पिंड ठेवलास, आणि कावळा काही शिवेना.

"ऊन डोक्यावर आलं, पोरी. समद्यायनं काईबाई कबूल करून पायलं. मंग तुह्या दादानं पिंडापाशी वाकून काईतरी पुटपुटलं, अन् कावळा आलाच. तुही अशी कोनती इच्छा रायली होती वं, जे त्यालेच ठाऊक?"

माझी एकच इच्छा राहिली होती, तू माझ्यामागून यावंस. म्हणजे तू तिथं 'येतो' म्हणालास! नळापाशी एकदा फसवलंस आणि पिंडापाशी दुसऱ्यांदा. मी इथं कंपाउंडात तुझी वाट बघत होते, आणि तू मला मेलेली ठरवून खोटा शब्द देत होतास.

मायला सगळं सांगून टाकावं, असं ओठावर आलं होतं. ज्यानं माझा दहावा केला, त्यानंच मला येशू दाखवला, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तुला जातीबाहेर काढलं असतं, तुझ्या पोरींची लग्नं अडली असती. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. पण ज्या येशूनं स्वतःला धरून देणाऱ्याचेही पाय धुतले, त्याच्या मागे चालायचं म्हणून मी घराबाहेर पडले होते. हे मला त्या घडीला मुळीच गोड लागलं नाही. मायला मी इतकंच म्हणाले, "ते दादालेच इचार."

त्याला आता आठ महिने झाले. तुला क्षमा करता यावी म्हणून रोज प्रार्थना करते, आणि रोज मधेच राग येऊन उठते. गावाकडून आलेल्या माणसाला आपल्या मळ्याबद्दल, विहिरीबद्दल आता काही विचारत नाही. मायनं विचारलं आणि तू खरं बोललास, तर मला माहेर आहे. नाही बोललास, तर त्या घरात मी मेलेलीच बरी.