रविवारची घोडी

औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासायचं काम ती अठरा वर्षं करत होती. अक्षर फिसकटलेलं, तारीख तिरकी, कागदाखाली हवेचा बुडबुडा, असं काही दिसलं की सरकत्या पट्ट्यावरून बाटली उचलायची आणि लाल टोपलीत टाकायची. कारखान्यात सगळे तिला तपासणीबाई म्हणत. डोक्यावर पांढरी टोपी, हातात मोजे, नखं मुळापर्यंत कापलेली. त्या हॉलमध्ये धूळ नाही, माशी नाही, वास म्हणून नाही. दिवसभर तिथे उभं राहिलं की माणसाला आपण जिवंत आहोत की बरणीत घालून ठेवलोय, असा प्रश्न पडावा.

म्हणून म्हणा किंवा चाळिशी उलटली म्हणून म्हणा, तिने घोडी घेतली. एका सुट्टीत चार दिवस घोड्यावर बसायला शिकली आणि जी चटक लागली ती लागलीच. घोडी नऊ वर्षांची, रंगाने सुकल्या खारकेसारखी, म्हणून नावही खारीकच. डाव्या कानाच्या टोकाला एक खाच होती. धाकटी बहीण म्हणाली, "लोक चाळिशीत चष्मा घेतात. तू घोडा घेतलास. आधीच तुझं सगळं घोड्यावर बसून चालायचं, आता तर विचारायलाच नको."

घोडी ठेवली होती शहराबाहेरच्या पागेत. पागेच्या मालकाला सगळे कॅप्टन म्हणत. तो कुठल्याही सैन्यात कधी नव्हता. उंच बूट, पिळदार मिशा आणि हातातली छडी एवढ्यावरच हुद्दा मिळाला होता. पहिली दोन वर्षं तपासणीबाई रविवारी जायचीच, शिवाय आठवड्यातून दोनदा पहाटे उठून, स्कूटर दामटत जाऊन, तासभर रपेट करून साडेआठच्या पाळीला हजर व्हायची. मग तिला बढती मिळाली. तीन पट्टे, अकरा बायका आणि संध्याकाळचे अहवाल तिच्या गळ्यात पडले. पहाटेच्या फेऱ्या आधी एकावर आल्या, मग बंद झाल्या. उरला रविवार.

"तुम्ही निश्चिंत राहा हो ताई," कॅप्टन म्हणाला. "माझ्या पागेत घोडं म्हणजे पाहुणा."

आणि रविवारी ते खरंही वाटे. दर्शनी रांगेतल्या कोठीत खारीक खरारा केलेली, आयाळ विंचरलेली उभी असे. पायाखाली कोरडा पेंढा, बादलीत स्वच्छ पाणी. खुरांना काळं तेल चोपडलेलं. स्वारी करण्याआधी खूर उचलून तळवा बघायचा असतो, हे तिला शिकवलेलं होतं. पण मोतद्दाराने साफ करून तेल लावलेल्या खुरात आपण पुन्हा काय बघायचं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

रविवारची बाकी मंडळी तिला मुळीच आवडत नसत. डोळ्यांचा डॉक्टर आणि त्याची बायको यायची, दोघांच्या अंगात एकसारखी विजार. घोड्याला एक गाजर भरवायचं तर त्याचे पंधरा फोटो काढायचे. घोड्याने तोंड फिरवलं की बायको म्हणायची, "अरे, लाजला!" तपासणीबाई पाठ फिरवायची. आपण यांच्यातल्या नाही, असं तिला ठाम वाटे.

हिवाळ्याच्या सुमाराला खारकेचं बिनसलं. खोगीर दिसलं की कान मागे पडायचे. पाठीवर, खोगीर टेकतं तिथे, हाताच्या पंजाएवढे केस गेले आणि कातडी लाल झाली. कॅप्टन म्हणाला, "तुमचं खोगीर बसत नाही तिला." तिने दुसरं घेतलं, खाली घालायला निळ्या दोऱ्याचं जाड कापड स्वतः शिवलं. घाव भरेना. एका रविवारी पट्टा आवळताना घोडीने मान वळवून तिच्या दंडाला चावा घेतला. तिने घोडीच्या तोंडावर सणसणीत थप्पड मारली. "माजलीस होय? आठवडाभर उभी राहून खातेस आणि वर चावतेस?"

घोडीने मान खाली घातली.

त्यानंतर महिन्याभराने कारखान्याच्या कँटीनमध्ये लेबलयंत्र चालवणारा तिच्या समोर येऊन बसला. भला माणूस, पण लेकीचं कौतुक सुरू झालं की थांबत नसे. त्याने फोन पुढे केला. "बाई, तुम्हाला घोड्यांतलं कळतं. बघा, आमची पोर कशी ताठ बसलीय. बुधवार-शुक्रवार क्लास असतो. घोडी इतकी गरीब, बुलबुल नाव तिचं. एकामागून एक तीन तुकड्या बसवतात, पण हूं की चूं नाही."

फोटोतल्या घोडीच्या डाव्या कानाला खाच होती. पाठीवर निळ्या दोऱ्याने शिवलेलं कापड होतं.

"छान आहे," तपासणीबाई म्हणाली आणि डबा न संपवता उठली.

पुढच्या बुधवारी तिने अर्धी रजा टाकली. अठरा वर्षांत तिने खोटं सांगून कधी रजा घेतली नव्हती. त्या दिवशी दाढदुखी सांगितली. पागेत पोचली तेव्हा तीन वाजले होते. दर्शनी रांगेतल्या सगळ्या कोठ्या रिकाम्या होत्या. झाडून, पेंढा पसरून, जणू कुणी राहतच नाही अशा. खारकेच्या कोठीत खारकेच्या नावाची पाटी होती, खारीक नव्हती.

तिने मोतद्दाराला विचारलं. म्हातारा इकडेतिकडे बघून म्हणाला, "बाई, आज कशा आलात? तुमचा तर रविवार असतो."

"घोडी कुठे आहे?"

त्याने हनुवटीने मागची बाजू दाखवली.

मागे पत्र्याची बुटकी शेड होती. आत पाऊल टाकलं तशी मुताच्या उग्र वासाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बारा-पंधरा खण, मध्ये बांबू. खाली पेंढा म्हणून जे होतं तो काळा, ओला चिखल; पाऊल उचललं की बुटाखाली पचपच वाजायचा. पाण्याच्या टाकीवर हिरवी साय धरलेली, तिच्यात फुगलेला मेलेला उंदीर. डॉक्टरजोडप्याचा तो लाजणारा घोडा एका खणात भिंतीकडे तोंड करून, घोट्यापर्यंत शेणात उभा होता. त्याने हिच्याकडे वळूनही बघितलं नाही. शनिवारी संध्याकाळी इथून घोडे निघायचे, धुतले जायचे, पुढे मांडले जायचे. सोमवारी सकाळी परत मागे.

खारीक रिंगणात होती. तिच्यावर एक लठ्ठ गृहस्थ लगाम दोन्ही हातांनी ओढत बसला होता आणि कॅप्टन मध्ये उभा राहून "दुडकी! दुडकी!" असं ओरडत होता. घोडीच्या तोंडाला फेस होता, छाती घामाने काळी पडली होती, आणि पुढचा उजवा पाय ती टेकवून चटकन उचलत होती. कठड्यापाशी पुढची तुकडी उभीच होती.

"उतरवा त्यांना," तपासणीबाई म्हणाली.

कॅप्टन दचकला. पण लाज वाटावी तेवढा वेळ त्याने घेतला नाही. गृहस्थाला उतरवून तो कठड्याशी आला आणि हसला. "अहो ताई, घोडं उभं राहिलं की सडतं. मी तुमच्या घोडीला व्यायाम देतोय. उलट उपकार माना."

"पाठीवरचा घाव माझ्या खोगीराने झाला म्हणालात."

"झाला असेल थोडा."

"ती मागची घाण?"

"जनावर आहे, घाण करणारच." मग त्याचा आवाज बदलला. "एक विचारू? सहा दिवस तुम्ही कुठे असता? एकदा तरी फोन केलात, घोडी खाते का, पिते का म्हणून? तुम्हाला घोडी नको होती ताई, तुम्हाला रविवार हवा होता. तो मी दिला."

चोराच्या उलट्या बोंबा, हे तिला कळत होतं. त्याच्या मिशांवर थुंकावं असं वाटत होतं. पण बोलणं चोराचं असलं तरी खोटं नव्हतं.

तिने नालबंदाला बोलावून घेतलं. त्याने घोडीचा पुढचा पाय गुडघ्यांत धरला, काळ्या तेलाचा थर खरवडला आणि तळव्याच्या मऊ भागात सळई टेकवली. ती लोण्यात जावी तशी आत गेली. काळपट, चिकट पाणी बाहेर आलं आणि असा वास सुटला की तपासणीबाई धावत जाऊन भिंतीशी ओकली. कुजक्या मांसाचा म्हणावा तर तोही बरा.

"किती दिवसांचं आहे हे?" परत येऊन तिने विचारलं.

"तीन महिने झाले असतील."

"तुम्ही दर महिन्याला नाल बघता ना? मला का नाही सांगितलं?"

नालबंद सळई पुसत राहिला. "कॅप्टन म्हणाले, बाई हळव्या आहेत, उगाच घाबरतील. माझं इथे दहा घोड्यांचं काम आहे, बाई."

तिला त्याच्या त्या पुसणाऱ्या हातांचीही किळस आली. आणि थप्पड आठवली. घोडी सांगत होती. तिला येतं तेवढ्या भाषेत, कानांनी, दातांनी, रविवारमागून रविवार सांगत होती.

संध्याकाळी तिने डॉक्टरांच्या घरी फोन केला. बायकोने घेतला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, मागे ठेवतात ते ठाऊक आहे आम्हाला. पण काय करणार? आपल्याला आठवडाभर वेळ कुठे असतो? आणि खरं सांगू, रविवारी किती छान दिसतात ना!"

तपासणीबाईने फोन ठेवला आणि साबणाने हात धुतले. का ते तिचं तिलाच कळलं नाही.

पुढचे चार दिवस तिने जागा शोधण्यात घालवले. बहिणीच्या ओळखीची एक निवृत्त पोस्टमास्तरीण होती. शहरापासून लांब, तिच्याकडे कुंपणाची मोकळी गवताळ जमीन आणि एक म्हातारा घोडा होता. बाई फटकळ. पहिल्या भेटीत म्हणाली, "घोडी आणा. पण खूर तुम्ही धुवायचे. मी सडकं धुणार नाही."

खारकेला गाडीत चढवताना कॅप्टन आडवा आला नाही. छडी बुटावर आपटत फक्त म्हणाला, "घोडामैदान जवळच आहे. बघू किती दिवस जमतं."

सात आठवडे तपासणीबाई पहाटे साडेचारला उठली. औषधी पाण्याने खूर धुवायचे, कुजलेलं कापायचं, भेगेत कापूस भरायचा. घोडी लाथ झाडायची. एकदा लाथ मांडीवर बसली आणि पंधरा दिवस निळी खूण राहिली. वास नखांच्या कडांत मुरला. त्या बिनवासाच्या हॉलमध्ये अकरा बायकांपैकी एकीने धीर करून विचारलं, "बाई, तुमच्या घरात काही मेलंय का?"

लेबलयंत्रवाल्याला तिने एक दिवस बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. आठवड्याने तोच येऊन म्हणाला, "पोर ऐकत नाही हो. रडून रडून घर डोक्यावर घेतलं. आता दुसरी घोडी देतात तिला." जाता जाता म्हणाला, "तिचंही नाव बुलबुलच आहे."

तक्रारही केली तिने, जनावरांच्या सरकारी कचेरीत, फोटोंसकट. तिथले निरीक्षक सभ्य होते, मान हलवून ऐकत होते. पण कामाच्या दिवशी त्यांना टेबल सोडवत नव्हतं. दोन महिन्यांनी, वरातीमागून घोडं तसे, ते तपासणीला गेले आणि गेले ते रविवारी. कोठ्या कोरड्या, पाणी स्वच्छ, घोडे तकतकीत, मागची शेड "वैरणीचं गोदाम, कुलूपबंद". त्यांनी चांगला शेरा दिला. त्याची प्रत टपालाने तिच्या घरी आली. तिने ती वाचली, दुमडली आणि कचऱ्यात टाकली. मग पुन्हा काढून कपाटात ठेवली. टाकायलाही किळस वाटते अशा काही वस्तू असतात.

कारखान्यात मात्र गोष्ट पसरली होती, आणि पसरता पसरता गोड झाली होती. मोठे साहेब एकदा पट्ट्याशी थांबून म्हणाले, "मुक्या जनावरावर केवढं प्रेम हो तुमचं! आमच्या बातमीपत्रात लिहू या."

"नको," ती म्हणाली. "तिला तीन महिने कुजवली मी. ते लिहिणार असाल तर लिहा."

साहेब हसले, त्यांना विनोद वाटला.

खूर भरले, पाठीवर घावाच्या जागी पांढरे केस आले. पोस्टमास्तरणीने सांगितलं, आता हरकत नाही, बसा. तपासणीबाईने खोगीर उचलून दोन पावलं टाकली. घोडीच्या पाठीची कातडी, माशी बसावी तशी, नुसत्या दिसण्यानेच थरथरली. तिने खोगीर खाली ठेवलं. बहिणीला वाटलं ही दयेने थांबली. पण दया नव्हती ती. ज्या गोष्टीची तिला चटक होती तीच तोंडात कडू झाली होती, एवढंच.

उन्हाळ्यात तिने कागद करून घोडी पोस्टमास्तरणीच्या नावावर केली. म्हातारी सही करताना म्हणाली, "अधूनमधून या. गाजरं आणू नका, तिचं पोट बिघडतं. फावडी मात्र दोन आहेत."

तेव्हापासून एक शनिवार आड ती जाते. शेण उचलते, टाकी घासते, पेंढा बदलते आणि दुपारच्या बसने परत येते. खारीक कुंपणापलीकडे त्या म्हाताऱ्या घोड्याच्या अंगाला अंग लावून चरत असते. फाटकाची कडी वाजली की मान वर करून बघते, आणि कोण आलंय ते दिसलं की तिचे कान मागे जातात. पोस्टमास्तरीण म्हणते, विसरेल हळूहळू. वर्ष होत आलं. अजून जातात.