हरभऱ्याच्या पिशवीत घोड्याची चिठ्ठी

रेसच्या रविवारी आमच्या घरातला गॅसचा सिलिंडर जायचा. बाबा तो सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधायचे आणि कोपऱ्यावरच्या खानावळवाल्याला देऊन यायचे, चांगला भरलेला. त्याचे पैसे संध्याकाळपर्यंत पुण्याच्या रेसकोर्सवर संपलेले असायचे. पुढचे कित्येक दिवस आई रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करायची. तो स्टोव्ह इतका भडकायचा की त्याच्या मागच्या भिंतीवर काळा पट्टाच उमटला होता.

बाबा छापखान्यात कामाला होते. दारू नाही, तंबाखू नाही, आमच्यावर कधी हात उगारला नाही. फक्त घोडे. पण तेवढ्यावर आमच्या अख्ख्या घराला नाव पडलं. मी "रेसवाल्याची पोरगी." एकदा फी भरली नाही म्हणून बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं आणि म्हणाल्या, "वडिलांना सांग, या खेपेला घोडा बदला." सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. बारावीनंतर सख्खे काका आईला सांगायला आले, "जुगाऱ्याच्या घरात कॉलेज कसलं काढता वहिनी? टायपिंग शिकवा आणि उजवून टाका." आई तेव्हा चार घरी पोळ्या लाटत होती. तिने काकांना चहा दिला, बिस्किटं दिली, आणि दुसऱ्या दिवशी माझा फॉर्म भरून आली.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी छाती फुगवून सांगते, कुणाला खटकलं तर खटकू दे. स्टॅटिस्टिक्स घेतलं, शिष्यवृत्तीवर ॲन आर्बरला एमएस केलं, आणि आता ओहायोतल्या डब्लिनमध्ये नोकरी करते. बाबा मी इकडे येण्याआधीच गेले. त्यांच्याबद्दल इथे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता डर्बीकडे येते. मे महिन्यातला पहिला शनिवार, केंटकीतली दोन मिनिटांची घोड्यांची रेस. केंटकी आमच्या शेजारचंच राज्य, त्यामुळे ऑफिसात आठवडाभर तेच. बायका फुलांच्या, पिसांच्या टोप्या विकत घेतात, पुरुष कपाटातून गुलाबी कोट काढतात. घालोत बापडे. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. माझी तक्रार आमच्या इथल्या मराठी मंडळाबद्दल आहे.

एका वर्षी मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू राहून गेलं होतं. अक्षय्य तृतीयेच्या आत ते व्हायला हवं, आणि हॉल मिळाला तो नेमका डर्बीच्या शनिवारी. आमचे अध्यक्ष रिटायर्ड डॉक्टर, इथे सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते मीटिंगमध्ये म्हणाले, "अरे, मग दोन्ही एकत्र करू की! गौर पण बसेल, रेस पण बघू. सगळ्यांनी हॅट्स घालून या. मस्त मजा येईल!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. रेस बघायची म्हणजे टीव्हीवर बघायची, असं मी समजले.

हॉलवर गेले तर गौर झोपाळ्यात बसलेली, पुढे कलिंगडाची कमळं, आणि तिच्या डोक्यावर हा एवढा प्रोजेक्टरचा पडदा. नऊवारीवर पिसांच्या टोप्या. कैरीची डाळ झकास जमली होती. पन्ह्याची दोन भांडी होती, त्यातल्या एकावर चिठ्ठी, "फक्त मोठ्यांसाठी."

"यात काय घातलंय?" मी एका काकूंना विचारलं.

"बर्बन गं, इकडची व्हिस्की. पुदिना पण आहे. घेऊन तर बघ, गौर काही बोलत नाहीये!"

ओटीचे भिजवलेले हरभरे छोट्या झिपलॉक पिशव्यांमध्ये भरले होते. कुणीतरी म्हणालं, "हे गौरीचे की घोड्यांचे?" त्यावर पुन्हा हशा. इथपर्यंत मीही हसत होते.

मग मंडळाच्या मराठी शाळेच्या मुलांना रांगेत बोलावलं. शाळेत मुलं वीसेक, घोडेही तेवढेच, त्यामुळे हिशेब छान जमला होता. प्रत्येक मुलाला हरभऱ्याची एक पिशवी, आणि पिशवीत घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर घोड्याचं नाव आणि रंग. काकांनी फोनवरून प्रत्येक घोड्यावर खरे पैसे लावले होते. ज्याचा घोडा जिंकेल, ती सगळी रक्कम त्या मुलाची.

गौरीच्या ओटीतून मुलांच्या हातात बेटिंग!

माझी मुलगी दहा वर्षांची. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. चिठ्ठी उघडून ती माझ्याकडे धावत आली. "मम्मा, आय गॉट द ग्रे वन!" रेस सुरू झाली तेव्हा ती खुर्चीवर उभी होती. मुठी आवळलेल्या, मानेच्या शिरा ताणलेल्या. तिचा घोडा शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता आणि मग मागे पडला. ज्या मुलाचा घोडा जिंकला त्याला त्याच्या बापाने खांद्यावर घेतलं. एक चिमुरडी रडायला लागली, तिला बर्फी दिली. माझी रडली नाही. ती खाली उतरली आणि शांतपणे म्हणाली, "कॅन वी डू अनदर वन? आय नो हाऊ टू पिक नाऊ."

आता मला कळलंय कसा निवडायचा. बाबा सिलिंडर बांधताना आईला हेच सांगायचे. हेच, याच सुरात.

मी सरळ काकांकडे गेले. "काका, मुलांना कशाला यात ओढलंत?"

"अगं, दोन-दोन डॉलर लावले. तू काय घेऊन बसलीस!"

"डॉलरचं नाही म्हणत मी. त्यांच्या हातात जुगार दिलात."

"जुगार?" काका हसले, आजूबाजूच्यांकडे बघून. "हे इथलं ट्रॅडिशन आहे. इकडची मोठमोठी माणसं सूटबूट घालून जातात. पत्त्यांचा अड्डा आहे का हा?"

"पुण्यातही सूटबूट घालून जायचे, काका. पण नाव त्यांना पडत नव्हतं. माझ्या बाबांना पडलं. ते चप्पल घालून जायचे."

बर्बनवाल्या काकूंनी हातातला पेला खाली ठेवला. "म्हणजे, तुझे वडील...?"

"हो. रेसला जायचे. दर सीझनला. आमच्याकडे गॅस पेटायचा नाही. आणि तुमच्यासारखीच शिकलेली माणसं आम्हाला जुगारी म्हणायची. आज तीच माणसं टोपी घालून हळदीकुंकवात तेच करतायत, आणि म्हणे ट्रॅडिशन!"

"अगं बाई," काकू हळूच म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुझे वडील बँकेत वगैरे असतील."

हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. म्हणजे बँकेत असते तर मी बोललेलं चाललं असतं का? आणि रेसवाल्याची पोरगी म्हणून नाही? मी मुलीचा हात धरून निघाले. मागून काकांचा आवाज आला, "इतकं मनाला लावून घेऊ नये यार, फन होतं ते!"

दोन दिवस मंडळाच्या ग्रुपवर तेच चाललं. कुणी लिहिलं, मी कार्यक्रमाचा विचका केला. कुणी लिहिलं, वैयक्तिक गोष्टी चारचौघांत काढू नयेत. एका आईने मला वेगळा मेसेज केला, की तिचा मुलगा तिचा फोन मागतोय, घोड्यांचे आकडे बघायला. मी तिला म्हटलं, हे ग्रुपवर लिही. तिने लिहिलं नाही. मग वर काकांची घोषणा आली: पुढच्या वर्षीपासून मुलांच्या चिठ्ठ्यांचं तिकीट लावू, शाळेसाठी फंडरेझर होईल. म्हणजे मराठी शाळेची पुस्तकं मुलांच्या हरण्यावर घ्यायची! माझं डोकंच फिरलं.

वार्षिक सभेत मी उठले. घरी लिहून आणलेलं भाषण वाचलंच नाही, म्हटलं, "मोठ्यांनी काय करायचं ते करा. टोप्या घाला, प्या, पैसे लावा, मी अडवणार नाही. पण मी शिकले ती घोड्यांच्या पैशांतून नाही. आईच्या पोळ्यांवर शिकले. या शाळेतल्या एकाही मुलाच्या हातात चिठ्ठी जाता कामा नये. मतदान घ्या."

"घरातला राग इथे काढतेयस तू," पहिल्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले.

"काढतेय," मी म्हटलं. "घ्या मतदान."

हात वर झाले. त्या मेसेजवाल्या आईचा हात सगळ्यात उशिरा, खांद्याएवढाच वर आला. काकांनी मोजणी दोनदा केली. मग चष्मा पुसत म्हणाले, "ठीक आहे. पास."

डर्बी पार्टी अजूनही होते, आणि काका अजूनही फोनवरून पैसे लावतात. चैत्रातलं हळदीकुंकू आता वेगळ्या दिवशी होतं. शाळेच्या मुलांना हरभरे मिळतात, चिठ्ठी मिळत नाही.