कुलथेसरांची एकच तळटीप

"आज फार उकडतंय," असं कुणी म्हटलं की कुलथेसर विचारत, "आधार काय?" समोरच्याने कपाळावरचा घाम दाखवेपर्यंत ते विधान त्यांना मान्य नसे. सुरतेच्या आमच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला. मी मराठीचा. "तुमचं बरं आहे, वाटेल ते लिहायला मोकळे," ते मला म्हणत.

निवृत्त झाल्यावर त्यांनीच कादंबरी लिहायला घेतली. तरुणपणी दप्तरखान्यातल्या एका जुन्या अर्जात त्यांना एक बाई भेटली होती. नवरा जहाजावर गेलेला, चार पावसाळे पत्ता नाही, निदान खबर तरी आणवावी, एवढाच मजकूर. पुढचा कागद वाळवीने खाल्लेला. सर त्या बाईला विसरू शकले नव्हते.

आम्ही सुरतेतल्याच कतारगामला वत्सलाबाईंच्या खानावळीत जेवायचो. बाई धुळ्याकडच्या, जेवणारे बहुतेक कापडाच्या लूमवरचे कामगार. जेवण झालं की सर लिहिलेलं वाचून दाखवत. पहिल्या प्रकरणात नायिका उंबरठ्यापर्यंत आली, तेवढ्या प्रवासाला एकेचाळीस तळटीपा लागल्या. पुढे ती हलेना. तीन महिने उंबरठ्यावरच.

"सर, तिना नवरा ऊना का नई?" वत्सलाबाई रोज विचारत.

"कागदात नाही, बाई."

"कागदमा नई, मंग तुम्ही लिखा."

"आधार काय?"

एके दुपारी बाईंनी सरांच्या ताटात भाकरी वाढलीच नाही. "आधी त्याले घर आना," म्हणाल्या. मग स्वतःच समोर बसल्या. त्यांचा नवरा लग्नानंतर कामासाठी सुरतेला आला आणि वर्षभर त्याची चिठ्ठी नव्हती. गावाने आशा सोडली. एक दिवस तो दारात उभा.

"मग तुम्ही काय केलं?" सरांनी विचारलं. वही उघडली होती.

"तो भुक्या व्हता. आधी भाकर टाकी, मंग रडनू."

त्या आठवड्यात कादंबरी पूर्ण झाली.

प्रकाशनाला आलेल्या पाहुण्यांनी पुस्तकाचं मलपृष्ठ वाचलं होतं. त्या बळावर ते लेखकाच्या अलौकिक कल्पनाशक्तीवर पाऊण तास बोलले. सर एवढंच म्हणाले, "यात माझी कल्पना फारशी नाही."

सगळ्या तळटीपा त्यांनी काढून टाकल्या होत्या. शेवटच्या पानावर एक ठेवली होती. ती मी खानावळीत वाचून दाखवली: 'आधार: वत्सलाबाई, कतारगाम. प्रत्यक्षदर्शी.'

बाईंनी ती दोनदा वाचायला लावली. मग सरांच्या ताटात न मागता दुसरी भाकरी टाकत म्हणाल्या, "आते कोनी आधार इचारं, तर त्याले मन्हाकडे धाडा."