आफ्रिकेचा सराव

आमच्या ह्यांना साठीला आफ्रिकेतले सिंह बघायचे डोहाळे लागले. तालुक्यातल्या बागायतदारांचा एक ग्रुप जोडीनं निघाला होता. मीही जाणार होते, म्हणजे माझं नाव घातलं होतं. मला विचारलं कुणी नव्हतं.

मग राजुरीच्या आमच्या मळ्यात नुसती धांदल. पुण्याला जाऊन दोघांनी पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. निळे-काळे कपडे तिकडच्या माश्यांना आवडतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून माझे चांगले कपडे बाद झाले आणि मातकट रंगाचे दोन पंजाबी ड्रेस आले. मग कॅमेरा आला, दुधाच्या किटलीएवढ्या भिंगाचा. तो जीपच्या खिडकीत टेकवायला उशी लागते म्हणे. ती मी शिवली आणि आत बाजरी भरली. भाकरीला आणि आफ्रिकेला एकाच कणगीतली बाजरी!

उशी झाली, आता सरावाला जनावर हवं. आमच्याकडे जनावर म्हणजे उसातला बिबट्या. दिवेलागणीला तो बांधावरून फिरतो, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच्या भीतीनं आमच्या कुत्रीच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता. जुन्नरच्या बाजारातल्या एका चाचांकडून मीच तो करून आणला होता. बिबट्या मानच धरतो, खिळे टोचले की सोडतो. तशी ती एकदा वाचलीही होती. गोठ्यापासून घरापर्यंत ती माझ्यापुढे चालायची, आणि मी मागे पडले की थांबायची. माझा फार जीव होता तिच्यावर.

एका संध्याकाळी ह्यांनी तिला अंगणातल्या खांबाला दाव्यानं बांधलं, बल्ब लावला, पिकअप समोर आणून उभी केली आणि तिच्या गळ्यातला पट्टा काढला.

"अहो, पट्टा कशाला काढताय?"

"खिळं चमकत्यात. फोटू बाद व्हतो."

"आन् तो आला म्हंजे?"

"हॉर्न देतो की! हॉर्न दिला की पळतंय ते. तू फकस्त मधी वरडू नकोस."

मी पट्टा हिसकावून घेतला आणि तो पुन्हा तिला घालायला निघाले, तर ह्यांनी दंड धरून मला घरात ढकललं आणि दाराला बाहेरून कडी घातली. पट्टा माझ्या हातातच राहिला.

खिडकीतून सगळं दिसत होतं. ती पिकअपकडे बघून शेपूट हलवत होती. मालक समोर बसलाय म्हटल्यावर तिला कसली काळजी! मग ती उठली, उसाकडे तोंड करून गुरगुरली आणि दावं ताणून पिकअपकडे यायला बघू लागली. मी ओरडले, गजांवर तांब्या आपटला. हॉर्न वाजेना. बिबट्या आला तेव्हा ह्यांचा एक हात उशीवर होता आणि दुसरा कॅमेऱ्यावर.

दावं तोडून तो तिला उसात घेऊन गेला, तेव्हा कुठे ह्यांनी येऊन कडी काढली. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. तर म्हणतात, "तुझ्या वरडण्यानं त्यानं त्वांड फिरवलं. न्हाईतर लई भारी आला असता."

फोटो ग्रुपवर गेला. लोकांनी अंगठे पाठवले. एकानं लिहिलं, 'राव, तुमाला आफ्रिकेची गरजच नाय!' ह्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवशी मला ह्यांची किळस आली, ती अजून गेलेली नाही.

तयारी काही थांबली नाही. बॅगा भरायचं काम माझ्याकडे होतं. टोप्या, दुर्बीण, डासांचं मलम, चिवडा, सगळं नीट भरलं. ह्यांच्या खांद्याच्या बॅगेत, कॅमेऱ्याखाली, मी पट्टा ठेवला. त्याला तिचे केस होते तसेच ठेवले.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत ती बॅग अडली. वर्दीतल्या पोरीनं पट्टा दोन बोटांनी उचलला. मागे आमचा सगळा ग्रुप रांगेत उभा होता.

"हे काय आहे, काका?"

ह्यांनी आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुत्रीचा पट्टा हाय."

"मग कुत्री कुठंय?"

ह्यांनी पट्टा परत घ्यायला हात पुढे केला. मीच सांगितलं, "त्या कॅमेऱ्यात हाय, बाई. अहो, दाखवा की ह्या पोरीला."