ममीसाठी आंघोळ

तंजावरच्या आमच्या गल्लीत एक मामा राहतात. त्यांना सगळ्यांची कीव येते. केबलवरची बातम्या देणारी बाई अडखळली तरी "पापम, बिचारी!" मला ही कीव सोसत नाही. हक्काचं बोला, हळहळ पुरे, असं मी त्यांना तोंडावर सांगते.

गल्लीची सहल हैदराबादला गेली, तेव्हा तिथल्या संग्रहालयात आम्ही इजिप्तची ममी पाहिली. बाहेर येताच मामा आवारातल्या हातपंपाशी गेले आणि सदरा काढू लागले. प्रेत पाहिलंय, आंघोळीशिवाय बसमध्ये चढणार नाही म्हणाले. स्टेशनवर नेणारी बस हॉर्न वाजवत होती. गाडी चुकली, की तंजावरची माझी सभा बुडणार होती.

"मामा, तिला मरून हजारो वर्षं झाली! ही शुद्ध अंधश्रद्धा आहे!"

"असेल गो. पण तिच्या नावानं आंघोळ करायला आता तिचं कोण उरलंय, सांग?"

अंधश्रद्धेविरुद्ध मी ढीगभर पत्रकं लिहिली आहेत, पुढेही लिहीन. ड्रायव्हरला मी ओरडून थांबायला सांगितलं आणि मामांसाठी पंप हापसू लागले.