गाण्याच्या बाई आणि गाईचं दूध

काहीही करायच्या आधी त्या दोन्ही हात वर उचलायच्या. तळवे आभाळाकडे, कोपरं अंगापासून लांब, जणू कुणी हातात बाळ देतंय. मग छाती भरून श्वास घ्यायच्या आणि मगच पुढचं काम. टपालपेटी उघडायची असो, गाडी सुरू करायची असो, की बर्फावर पहिलं पाऊल टाकायचं असो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम अंगात इतकं मुरतं की घरी आल्यावरही उतरत नाही.

त्या हायस्कुलात गाणं शिकवायच्या. माझी नात त्यांच्याच कोरसमध्ये. न्यूयॉर्कजवळ आयसेलिनला, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यापासून जवळच आमची बिल्डिंग. आम्ही वर, त्या खाली. गोऱ्यापान, केस पांढरे, अंगाने भरलेल्या, एकट्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजीच्या नावाने पूज्य. त्यांना मराठीतला एकच शब्द यायचा, ‘आबा’. तोही नातीकडून उचललेला. तेवढ्यावर आमची ओळख बरीच वर्षं चालली.

न्यूयॉर्कचे टॉवर पडले, त्याच्या पुढल्या वर्षी मुलाने आम्हा दोघांना इकडे आणलं. आमच्या हिचा दमा जुना. जन्मभर चुलीचा धूर खाल्लेला. एक दिवस दुकानातून येताना ही जिन्यात मध्येच बसली, मांडीवर मेथीची पिशवी. खालचं दार उघडलं. बाईंनी काही विचारलं नाही. पायरीवर बसल्या, हात उचलले. हिने श्वास घेतला. मग माझ्याकडे वळून, “ब्रीद, आबा. यू टू!” मला काय धाड भरली होती? पण घेतला. तेवढ्यात टपालवाला आत आला, त्यालाही घ्यायला लावला.

तेव्हापासून रविवारी त्या वर यायच्या. ही मेथी निवडता निवडता गुणगुणायची, बाई सूर लावायच्या.

“अगं बाई, नाकात नको, पोटातून काढ,” ही मराठीतच रागवायची.

“ओके, मॅडम,” म्हणून बाई पोटावर हात ठेवायच्या. काय कळायचं त्यांना, देव जाणे.

आता मुद्द्याचं सांगतो. इथे शाळेत पहिला कोण, हे एका परीक्षेवर ठरत नाही. चार वर्षांच्या सगळ्या विषयांची सरासरी काढतात. त्यात अवघड विषयाला वजन जास्त, साध्याला कमी. गाणं साध्यात. ज्याची सरासरी सगळ्यांत वर, तो ग्रॅज्युएशनच्या दिवशी माइकवर भाषण करतो. माझी नात आणि दुसऱ्या दोन मुली केसभर अंतराने पुढेमागे होत्या.

“बाबा, कोरसमध्ये तिला ए मिळतो,” मुलगा जेवताना म्हणाला, “पण त्या ए नेच ॲव्हरेज खाली येतं. ड्रॉप केलं की ही फर्स्ट.”

“पैकीच्या पैकी मिळून नंबर खाली? कुठल्या गाढवाने काढलं हे?”

“इट्स वेटेड, आबा,” नात म्हणाली. “अँड डॅड, आय ॲम नॉट ड्रॉपिंग इट.”

“नको करू. मग थर्ड ये आणि रडत बस.”

पोरगी हट्टी, आपल्या बापाला तिने भीक घातली नसती. पण आजीपुढे वाकली. हिला तोवर नाकात नळी लागली होती, आणि हिचं एकच पालुपद: “पोरीला माइकवर उभी बघते आणि मग खुशाल जाते.” वाण्याच्या काउंटरवरच्या मुलीलाही सांगून झालेलं. एके संध्याकाळी नात म्हणाली, “आजीसाठी ड्रॉप करते.” आणि खोलीत जाऊन दार लावलं.

दुसऱ्या दिवशी बाई वर आल्या. दार वाजवायच्या आधी त्यांनी हात उचलले नव्हते; मी दारातल्या भोकातून बघत होतो. हिच्या पलंगाशी बसून त्या बोलल्या, नात मोडक्या मराठीत सांगत गेली. “त्या म्हणतात, तू जा, मी सही देते. दर वर्षी मीटिंगमध्ये सांगते की गाणं सेम मोजा. दर वर्षी सगळे घड्याळ बघतात. पण त्या भांडणात एका मुलीचं नुकसान नको.”

बाईंचे डोळे पाण्याने भरले होते. मला राहवेना. म्हटलं, “पोरी, यांना सांग. मी गावी डेअरीला दूध घालायचो. म्हशीच्या दुधाला फॅट जास्त, भाव जास्त. त्यात गाईचं ओतलं की फॅट खाली. म्हणून गाईचं दूध वाईट असतं होय?”

नातीने सांगितलं. बाई अशा हसल्या की पलंग हलला. “सो आय ॲम द काऊ!”

ही डोळे मिटून ऐकत होती. नळी सारखी करत म्हणाली, “अहो, पण दूध प्यायचंय की मोजायचंय?”

मग नातीकडे वळली.

“आणि गाणाऱ्या पोरी कुठे उभ्या राहतात?”

“स्टेजवर, आजी. माइकसमोर.”

“मग झालं की! बोलली काय नि गायली काय. मला कुठे इंग्रजी भाषण कळणार होतं?”

कोपऱ्यात बसलेला मुलगा उठून आत गेला. परत आला तेव्हा हातात बाईंसाठी चहा होता. साखर जरा जास्तच घातली होती त्याने.

नात तिसरी आली. बाई मात्र त्या दिवसापासून भेटल्या की म्हणायच्या, “गुड मॉर्निंग, आबा! काऊ हिअर.”

ही थंडीतच गेली. सगळे परतल्यावर मी जिन्यात बसलो, हिच्याच पायरीवर. बाई शेजारी येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी मला श्वास घ्यायला सांगितलं नाही. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता, तेवढंच आठवतं.

जूनमध्ये शाळेच्या मैदानावर ग्रॅज्युएशन झालं. ऊन कलतं, गवत नुकतं कापलेलं. सुनेने माझ्या शेजारच्या खुर्चीवर हिची शाल ठेवली होती. पहिल्या आलेल्या मुलीने भाषण केलं, लोक हसले, मीही हसलो. मग कोरसची मुलं उभी राहिली. नात अगदी माइकसमोर.

बाईंनी हात उचलले, तळवे आभाळाकडे. आणि सगळ्या पोरांनी एकदम श्वास घेतला. माइकमधून तो मैदानभर ऐकू आला, वारा सुटल्यासारखा. गाणं अजून सुरू व्हायचं होतं. तेवढ्या वेळात मला वाटलं, शेजारी ही बसली आहे, नाकात नळी नाही, आणि हिनेही छाती भरून घेतला आहे. शालीची झालर हलली. वाऱ्याने हलली असेल, मला माहीत आहे. पण मी मान वळवून बघितलं नाही. बघितलं असतं तर खुर्चीच दिसली असती.

पुढे नात कॉलेजला लांब गेली. बाई रिटायर होऊन बहिणीकडे राहायला गेल्या. निघाल्या त्या सकाळी गाडीत बसून काच खाली केली, हात उचलले आणि माझा श्वास घेऊन होईपर्यंत थांबल्या. एक हिवाळा गेला, आणि नातीचा फोन आला. बाईही गेल्या. पोरगी बराच वेळ फोनवर नुसती हुंदके देत होती. “ब्रीद,” मी म्हटलं. मला तेवढंच इंग्रजी येतं.

खाली आता पुण्याचं जोडपं राहतं. मुलगा-सून कामावर, मी दुपारी एकटाच फिरून येतो, आणि दारासमोर थांबतो.

परवा त्यातल्या मुलीने जिन्यातून हाक मारली, “काका, चावी विसरलात का? हात का वर केलेत?”

“नाही गं. आहे चावी.”

श्वास पुरता आत येऊ दिला. मग दार उघडलं.