आक्काबाईच्या शेळीचं फुफ्फुस

वैजनाथचं अर्धं आयुष्य मेलेल्या जनावरांची फुफ्फुसं चिरण्यात गेलं. नगरच्या एका पशुरोग प्रयोगशाळेत तो तंत्रज्ञ. पण त्या दिवशी समोर आलेल्या डब्यातलं फुफ्फुस त्याच्या आईच्या शेळीचं होतं.

पाथर्डीकडं त्यांच्या वस्तीवर शेळ्या खोकून खोकून मरत होत्या. आळ आला आक्काबाईवर, वैजनाथच्या म्हाताऱ्या आईवर. म्हणे, हिनंच करणी केली. तिची स्वतःची शेळी मेली, तर म्हणाले, सोंग करते. दगड मारायची भाषा सुरू झाली. सगळ्यांत पुढं कानिफतात्या. त्यांचा तर गोठाच रिकामा झाला होता. वैजनाथनं त्यांनाच फोन केला, "आईकडून फुफ्फुस घेऊन या. शेळ्या मारणारा त्यातला जंत डोळ्यांनी दाखवतो, मग बोला."

तात्या डबा घेऊन आले. वैजनाथनं फुफ्फुस बारीक कापलं, मलमलीच्या फडक्यात बांधलं आणि कोमट पाण्याच्या नरसाळ्यात सोडलं. जंताच्या जिवंत अळ्या वळवळत बाहेर पडतात आणि खालच्या नळीत उतरतात. तात्या दुपारपर्यंत स्टुलावर बसून राहिले.

नळीतलं पाणी त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. परत परत बघितलं. कपाळ! एक अळी दिसेल तर शपथ.

त्यानं आईला फोन लावला. "डब्यात काय घातलं हुतंस का गं?"

"मीठ चोळलं की. उन्हाचं नासलं असतं. तुज्या हापिसात वास नको म्हनलं."

वैजनाथच्या ध्यानात आलं. मिठानं अळ्या आतच मेल्या होत्या, मग बाहेर येतील कशा? त्यानं फडक्यातला तुकडा काचेवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अळ्याच अळ्या!

"तात्या, बघा! शेळी ह्यांनी मारली. आईनं मीठ लावलं म्हणून मेल्यात, नाहीतर..."

तात्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बघितलं. मग टोपी सावरत उठले.

"म्हंजे आक्काबाईच्या मिठानं जीव मरतोय. लेकाच्याच तोंडून निघालं. सांगतो वस्तीवर."

"अहो, साधं जेवणातलं मीठ ते!" वैजनाथ ओरडत जिन्यापर्यंत धावला. तात्या थांबले नाहीत.

त्यानं पुन्हा फोन लावला. "आई, आत्ताच्या आत्ता नगरला निघून ये."

"का रं? किडं न्हाई घावलं?"

"घावलं." आपणच आईला खड्ड्यात घातलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"मग पळू कशाला?" आक्काबाई कितीतरी दिवसांनी हसली. "तात्या दमून येतील. त्यांच्यासाठी च्या टाकून ठिवते."